ताडोबाच्या वाटेवर : सहा कुटुंबे, तीन जिप्सी

आपल्या व्यापारी कुटुंबांत प्रवासाची प्रयोजने पिढ्यान्‌पिढ्या दोनच होती : पेठ आणि तीर्थ. मालाच्या खरेदीसाठी घरातील पुरुष दूरदूरच्या बाजारपेठांत जात आणि वर्षा-दोन वर्षांतून एकदा सारे कुटुंब एखाद्या तीर्थाच्या दर्शनाला निघे. थंड हवेची ठिकाणे पुढे आली. आता घरातील तरुणांच्या हाती उत्तम कॅमेरे आले आणि त्यांनी प्रवासाला आणखी एक प्रयोजन दिले, ते म्हणजे वन्यजीवांचे छायाचित्रण. गेल्या वैशाखात आमच्या नात्यागोत्यातील सहा कुटुंबांतील अठरा जण याच प्रयोजनाने चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबास गेलो. सर्वांत लहान प्रवासी नऊ वर्षांची पुतणी होती, तर सर्वांत वडील थोरले काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. चार दिवसांच्या त्या प्रवासातील काही अनुभव वाचकांपुढे ठेवावेसे वाटतात.

नागपूरहून चंद्रपूरकडे जाताना वरोरा लागते. बाबा आमट्यांचे आनंदवन येथेच आहे. वरोऱ्यानंतर भद्रावती. स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथ प्रभूंचे हे तीर्थ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आम्ही सकाळी दर्शन घेतले, भोजनशाळेत जेवलो आणि मगच पुढे निघालो. तेथे धाकट्या पुतणीला तिच्या आजीने प्रभूंचे लांछन दाखविले, नाग. त्यावरून गोष्ट निघाली आणि आजीने तिला सांगितले की, चोवीस तीर्थंकरांपैकी बहुतेकांची लांछने पशुपक्ष्यांचीच आहेत. जंगलात त्यांतील किती दिसतात ते तू मोजून ठेव. पोरीने वहीत लगेच चोवीस आकडे मांडले. पुढचे चार दिवस या वहीने आम्हां सर्वांनाच कामाला लावले.

चंद्रपूर शहर ही एके काळी गोंड राजांची राजधानी. त्यांनी बांधलेला दगडी परकोट आजही शहराला वेढून उभा आहे. शहराबाहेर पडून मोहर्लीच्या रस्त्याला लागले की दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसा खाणी लागतात. मातीचे काळे डोंगर आणि अवजड वाहने दिसत राहतात, मागे महाऔष्णिक वीज केंद्राची धुरांडी असतात. या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. पुण्या-मुंबईकडील आपल्या दुकानांत जे दिवे लागतात, त्यांतील विजेचा काही वाटा येथून येतो. त्या केंद्राला पाणी पुरविणाऱ्या इरई धरणाचा जलाशय थेट जंगलाला टेकलेला आहे. खाण, वीज केंद्र, धरण आणि वाघाचे वन ही सारी इतकी शेजारी-शेजारी असतील, अशी कल्पना आमच्यापैकी कोणालाही नव्हती.

ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली ११६.५५ चौरस किलोमीटर क्षेत्रावर ते घोषित झाले. त्याला लागून असलेले अंधारी अभयारण्य १९८६ साली अस्तित्वात आले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. या गाभा क्षेत्राभोवती बफरचे, म्हणजे गावे व शेती असलेल्या जंगलाचे, मोठे कडे आहे. ताडोबा हे नाव 'तारू' या आदिवासी देवावरून पडले, असे मानतात. तारू हा गावाचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना तो मरण पावला आणि पुढे देव झाला, अशी कथा आहे. तलावाच्या काठी मोठ्या वृक्षाखाली त्याचे स्थान असून पौष महिन्यात तेथे जत्रा भरते. वाघाच्या हातून मेलेल्या माणसाच्या नावानेच वाघाचे हे राज्य ओळखले जावे, यात या मुलखाचा स्वभाव दिसतो.

मोहर्लीच्या प्रवेशद्वारातून आत गेले की साग आणि बांबू यांचे राज्य सुरू होते. मध्येमध्ये ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह. पांढऱ्या, चकचकीत सालीचा कांडोळ निष्पर्ण उभा असतो. चांदण्यात तो भुतासारखा दिसतो म्हणून त्याला भुत्याही म्हणतात. वैशाखात सागाची पाने गळून गेलेली असतात. त्यामुळे नजर लांबवर पोहोचते आणि छायाचित्रकारांना हाच काळ आवडतो. रस्त्याच्या कडेने ठरावीक अंतरावर जुने दगडी खांब उभे आहेत. गोंड राजांच्या काळी या खांबांवरून दोर ओढून त्यांना घंटा बांधीत आणि राजाच्या आगमनाची वर्दी तलावापर्यंत पोहोचवीत, असे वाटाड्ये सांगतात. आमच्यातील तरुणांनी या खांबांकडे पाहिलेही नाही. त्यांचे डोळे वाघाच्या शोधात होते.

येथे आमच्या प्रवासातील मुख्य गोष्ट सांगितली पाहिजे. एका जिप्सीत सहा पर्यटक, एक चालक आणि एक वाटाड्या अशी व्यवस्था असते. आमच्या तीन जिप्सी होत्या. निघण्यापूर्वीच्या संध्याकाळी थोरल्या काकांनी सर्वांना एकत्र बसविले. काकांची धान्याची आडत आहे आणि पन्नास वर्षे त्यांनी बाजार पाहिला आहे. ते म्हणाले, "बाजारात गिऱ्हाईक जे मागते तेच येते. वाघ दाखवला तरच बक्षीस, असे आपण म्हणालो की चालक गाडी पळवणार. सगळ्यांनी तसेच म्हटले की सगळ्याच गाड्या पळणार. मग वाघाला रस्ता ओलांडायलाही जागा उरणार नाही. यात चालकाचा दोष काय?" त्यांचा प्रस्ताव साधा होता. चालक आणि वाटाड्या यांचे बक्षीस पहिल्याच दिवशी ठरवून पाकिटात घालावे. वाघ दिसो वा न दिसो, रक्कम तीच. आणि हे त्यांना आधीच सांगावे.

काकांचे बोलणे निराधार नव्हते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी विदर्भातीलच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे पर्यटकांच्या गाड्यांमध्ये अडकले होते. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या प्रकारात चालकांवर, वाटाड्यांवर कारवाई झाली. मागणी करणारी गिऱ्हाइके मात्र आपापल्या घरी परतली.

प्रस्ताव मंजूर झाला, पण एकमताने नव्हे. माझ्या भाच्याने दोन वर्षे पैसे साठवून १५०-६०० मिलिमीटरचे भिंग घेतले होते. त्याचे म्हणणे असे की, इतक्या दूर येऊन आणि इतका खर्च करून वाघ नको असे कोण म्हणेल? काका म्हणाले, "वाघ हवाच आहे. फक्त त्याचा पाठलाग नको."

पहिल्या सकाळी आम्ही अंधारातच द्वाराशी पोहोचलो. आमच्यातील काहींचा नवकारशीचा नियम. पहाटेच्या सफारीत तो आपोआपच पाळला गेला. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासाचा प्रकाश मऊ असतो. झाडांखाली मात्र तो फारच कमी पडतो. अशा वेळी कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवावी लागते आणि चित्रात थोडे कण येतात ते स्वीकारावे लागतात. गाडीत तिपाईचा उपयोग नाही. कापडी पिशवीत मूग किंवा वाळू भरून ती गाडीच्या कठड्यावर ठेवावी आणि तिच्यावर भिंग टेकवावे. गाडीत भिंग बदलणे टाळावे, कारण वैशाखातील लाल धूळ क्षणात आत शिरते. वानराचा काळा चेहरा आणि फिकट अंग यांचा एकत्र मेळ साधणे ही नवशिक्याची परीक्षाच असते. ही सारी विद्या भाच्याने इतरांना मोठ्या प्रेमाने शिकविली, हे नमूद केले पाहिजे.

पाकीट आधीच ठरल्यामुळे आमचा चालक निवांत होता. तेलिया तलावाजवळ त्याने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केले. इंजिन बंद झाल्यावरच जंगल ऐकू येते. तांबटाची ठोकठोक, हळद्याची शीळ, दूर मोराची हाक. वाटाड्याने आवाज ओळखायला शिकविले. चितळाची तीक्ष्ण हाक आणि वानराचे खाकरणे यांवर लगेच विश्वास ठेवू नये. ती बिबट्याला पाहूनही येते आणि कधी उगीचही. सांबराची खणखणीत हाक मात्र सहसा खोटी ठरत नाही. वाटेवरचे ठसेही त्याने दाखविले : नराचा ठसा चौकोनाकडे झुकणारा, मादीचा थोडा लांबट. त्या सकाळी आम्हांला गव्यांचा कळप, नीलपंख, तुरेवाला सर्पगरुड आणि पांढऱ्या लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक दिसला. ताडोबा तलावात मगर पाण्याबाहेर नाक काढून होती. पुतणीच्या वहीत वानर, मृग, वराह आणि मकर यांवर खुणा झाल्या. गव्याला वृषभ धरायचे की महिष, यावर गाडीत बराच वाद झाला आणि शेवटी त्याला दोन्हींतून वगळण्यात आले.

तिसऱ्या सफारीत ठरावाची कसोटी लागली. आम्ही एका पाणवठ्याजवळ उभे होतो. समोरून आलेल्या गाडीने खूण केली की पलीकडच्या रस्त्यावर वाघीण बसली आहे. पाहता पाहता पाच-सहा गाड्या धुरळा उडवीत निघाल्या. आमच्या चालकाने मागे वळून पाहिले. भाचा उठून उभा राहिला होता. त्याने काकांकडे पाहिले, काकांनी चालकाकडे. चालक म्हणाला, "जाऊ शकतो साहेब, पण तिथं आता दहा-बारा गाड्या असतीन. तिले पाण्यावर यायचं असन तं ती इकडंच येईन." आम्ही थांबलो. वाघीण आली नाही. संध्याकाळी निवासावर इतर पर्यटकांनी आपापल्या पडद्यांवर तिची सुरेख चित्रे दाखविली. भाचा जेवणाच्या वेळी कोणाशी बोलला नाही.

त्याच पाणवठ्यावर मात्र दुसरे काही घडले होते. बांबूच्या बेटातून शिट्टीसारखे आवाज आले आणि तांबूस रंगाचे, काळ्या झुपकेदार शेपटीचे नऊ रानकुत्रे बाहेर पडले. हे प्राणी दिवसा, टोळीने शिकार करतात. त्यांनी एका चितळ मादीला पाण्यात रेटले. पुढे जे झाले त्याला फार वेळ लागला नाही. परंतु रानकुत्रे सावज पूर्ण मरण्याची वाट पाहत नाहीत. आत्यांनी तोंड फिरवून डोळे मिटले आणि त्यांच्या ओठांवर नवकार सुरू झाला. भाच्याचा कॅमेरा काही क्षण सुरू होता, मग तोही थांबला. पुतणीने विचारले, "यांना पाप लागेल का?"

गाडीत कोणी लगेच उत्तर दिले नाही. रात्री काकांनी तिला समजावले. त्या जीवाला दुसरे अन्न पचत नाही आणि थांबून विचार करण्याची शक्ती त्याला अल्प आहे. म्हणूनच आपल्याकडे तिर्यंच गतीला दुःखाची गती म्हटले आहे. भगवान महावीरांच्या पूर्वभवांत सिंहाचाही एक भव सांगितला आहे, म्हणजे त्या जीवालाही पुढची वाट मोकळी आहे. माणसापुढे मात्र ताटात काय घ्यावे याचे पर्याय असतात, म्हणून हिशेब माणसाचा कडक. एवढे बोलून काका थांबले. त्या चित्रांचे काय करावे, हा प्रश्न तरीही उरला. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर ती टाकू नयेत, असे आत्यांचे म्हणणे. हेही जंगलच आहे, लपवायचे कशाला, असे भाच्याचे. अखेरीस त्याने शिकारीची चित्रे स्वतःजवळ ठेवली आणि शिकारीपूर्वी बांबूतून बाहेर पडणाऱ्या टोळीचे एकच चित्र सर्वांना दिले. मला दोघांचेही म्हणणे पटते आणि त्यांपैकी एकाची बाजू घ्यावी असे आजही वाटत नाही.

ज्येष्ठांचा चौविहाराचा नियम असल्यामुळे ते दुपारच्या सफारीला येत नसत. ती सूर्यास्तालाच संपते आणि गाडीत बसून जेवण होणे शक्य नाही. त्यांनी या वेळेचा उपयोग बफरमधील गाव पाहण्यासाठी केला. मे महिना हा तेंदूपानांच्या हंगामाचा काळ. बायका-पुरुष पहाटेच जंगलात जातात, दुपारी अंगणात बसून पानांची पुडकी बांधतात आणि सायंकाळी ती संकलनाच्या ठिकाणी, ज्याला इकडे फळी म्हणतात, तेथे नेऊन देतात. वाकून पाने तोडणारा माणूस वाघाला चौपायी सावजासारखा दिसतो. या जिल्ह्यात दरवर्षी माणसे वाघाच्या हल्ल्यात मरतात आणि त्यांत तेंदू, मोह किंवा सरपण गोळा करणारे पुष्कळ असतात. आत्यांनी एका बाईला विचारले, "भीती वाटत नाही का?" ती पुडके बांधता बांधता म्हणाली, "वाटते नं बाई. पण ह्या पंधरा दिवसांच्या पैशावर पोराची शाळा होते. मंग जावंच लागते."

आत्यांनी हे निवासावर येऊन सांगितले, तेव्हा वाघ न दिसल्याची तक्रार काही काळ कोणी केली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही वाटाड्याला याविषयी विचारले. तोही बफरमधील गावचाच. पूर्वी त्याचे वडील तेंदूला जात. आता घरातील दोघे द्वारावर कामाला आहेत, म्हणून जंगलात जाण्याची वेळ कमी येते. प्रवेशशुल्कातील काही भाग गावच्या परिस्थितिकीय विकास समित्यांकडे जातो. २०१५ सालच्या जन-वन विकास योजनेतून अशा गावांत स्वयंपाकाचा गॅस पोहोचविला जात आहे, जेणेकरून सरपणासाठी जंगलात जावे लागू नये. आता काही द्वारांवर स्त्रियाही वाटाड्या म्हणून काम करतात. तो म्हणाला, "वाघ दिसला तं तुमाले फोटो भेटते. वाघ हाय म्हणून आमाले काम भेटते. पण रात्री वावरात जागल करताना तोच वाघ आमाले नको वाटते." व्यापारात ज्याला आपण जोखीम म्हणतो, तिचा वाटा येथे कोणाच्या पदरात जास्त पडतो, हे यावरून ध्यानात येते.

वाघाचे छायाचित्र ही केवळ भिंतीवर टांगण्याची वस्तू नाही, हेही येथे कळले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरील पट्टेही सारखे नसतात. म्हणून गणनेसाठी वनविभाग जंगलात समोरासमोर दोन स्वयंचलित कॅमेरे लावतो आणि दोन्ही बाजूंची चित्रे जुळवून वाघ ओळखतो. भारतात वाघांची चांगली छायाचित्रे प्रथम काढणाऱ्यांत एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे वनाधिकारी होते. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातील चित्रे वाघाच्या पायाने तार ओढली जाऊन निघालेली होती. बंदुकीऐवजी कॅमेरा ही कल्पना त्या काळी नवी होती. १९७३ साली नऊ प्रकल्पांनी व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात झाली. त्यांत आपले मेळघाट होते. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला आणि त्यांत चंद्रपूर जिल्ह्याचा वाटा फार मोठा आहे.

शेवटच्या सफारीत, द्वाराकडे परतताना, सांबराची हाक आली. चालकाने इंजिन बंद केले. बऱ्याच अंतरावर, सागाच्या उघड्या खोडांमधून एक वाघीण तिरपी चालत गेली. प्रकाश उतरला होता. भाच्याला सात-आठ चित्रे मिळाली, त्यांतील एकच बरे, तेही कणीदार आणि वाघिणीचा चेहरा अर्धा खोडाआड. आमच्याशिवाय तेथे एकही गाडी नव्हती. वाघीण थांबली नाही, वळली नाही, आपल्या चालीने निघून गेली. ती दिसेनाशी झाल्यावरही गाडीत कोणी बोलले नाही. चालकाने स्वतःच दोन-तीन मिनिटांनी विचारले, "निघायचं का जी?"

पाकिटे ठरल्याप्रमाणे दिली गेली, पैसा अधिक नाही, उणा नाही. चालक काकांना म्हणाला की बहुतेक लोक आधी वाघ किती दिसले ते विचारतात आणि मग खिशात हात घालतात. पुण्यास परतल्यावर भाच्याने आपल्या खोलीत दोन चित्रे लावली आहेत : बांबूतून निघालेली रानकुत्र्यांची टोळी आणि खोडाआडची ती कणीदार वाघीण. तो आपले मत बदलल्याचे म्हणत नाही. पाणवठ्यावरून गेलो असतो तर चित्र अधिक चांगले आले असते, असे तो आजही म्हणतो आणि ते खरेही आहे. पुतणीच्या वहीत सहा लांछनांवर खुणा आहेत. पाचवे कूर्म, तलावाच्या काठी ओंडक्यावर बसलेले, आणि सहावे नाग, भद्रावतीचे, जे तिने आग्रहाने धरले.

ज्या कुटुंबांना असा प्रवास करावयाचा असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते आणि पावसाळ्यात १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंतही. उन्हाळ्याच्या सुट्टीतील आरक्षण फार आधी करावे लागते. कपडे मातीच्या रंगाचे व सुती असावेत, अत्तर लावू नये. कंदमुळाशिवायच्या जेवणाची कल्पना निवासाला आधी द्यावी. आम्हांला ते सर्वत्र आनंदाने मिळाले. ज्यांना रात्रिभोजनाचा त्याग आहे त्यांनी सकाळच्याच सफारी घ्याव्यात आणि दुपारी गावात जावे. भद्रावतीचे दर्शन जाताना करावे, परतताना सर्वजण थकलेले असतात. बक्षिसाची पाकिटे मात्र पहिल्या सफारीपूर्वीच भरून ठेवावीत. कार्तिकानंतर आमचा नागझिऱ्यास पक्ष्यांसाठी जाण्याचा विचार आहे, आणि भाच्याने त्यासाठी पाकिटे आत्ताच आणून ठेवली आहेत.